गाडी गेली आणि पाय भरू लागले

"मॅडम, गाडी ढकलायचे तेव्हा बाबांची काही तक्रार नव्हती. आता सावलीत गाळा घेऊन दिलाय, पंखा आहे, तर म्हणतात पाय भरतात. मला तर वाटतं त्यांना तिथे करमतच नाही."

आमच्या फिजिओथेरपी विभागात मुलगा बोलत होता. वडील खुर्चीच्या कडेवर पुढे वाकून, कोपरं गुडघ्यांवर टेकवून गप्प ऐकत होते. त्यांची ही बसण्याची तऱ्हा मी पाहिली, पण कागदावर उतरवली नाही. पुढे जे काही कळलं त्यातलं निम्मं त्या बसण्यातच होतं.

काका ६४ वर्षांचे. पुण्यात पेठेतल्या एका चौकात ३१ वर्षं त्यांनी फळांची हातगाडी लावली. पहाटे मार्केट यार्डातून टेम्पोने माल यायचा. गोडाऊनपासून चौकापर्यंत दीड किलोमीटर भरली गाडी ढकलत न्यायची आणि रात्री रिकामी परत आणायची. अधूनमधून कंबर धरायची, पण अंगमेहनतीच्या माणसाची कंबर अधूनमधून धरतेच. भेटीच्या आठ महिने आधी मुलाने जवळच गाळा घेतला आणि गाडी एका नातेवाइकाकडे गेली. आता काका काउंटरमागे ताठ उभे असतात आणि मधूनमधून क्रेट उचलतात. घर तिथून सातशे मीटरवर, तेवढ्यात त्यांना तीनदा थांबावं लागतं.

एमआरआय झालेला होता. कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामध्ये नळी, म्हणजे कण्यातून नसा जातात तो मार्ग, अरुंद, "मध्यम स्वरूपाची". त्या पातळीवर मज्जारज्जूच्या आवरणाच्या पिशवीचं क्षेत्रफळ ८२ चौरस मिलिमीटर. (मज्जारज्जू स्वतः वर कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. खाली त्या पिशवीत असतो फक्त नसांचा झुबका. शरीरशास्त्रात त्याला अश्वपुच्छ म्हणतात आणि तो दिसतोही तसाच.) ऑर्थोपेडिक सर्जनांनी चिठ्ठीत लिहिलं होतं की तीन महिने व्यायाम करून बघा, नाही जमलं तर ऑपरेशनचं बोलू.

तोवर घरातल्यांनी आपापल्या परीने बरंच करून ठेवलं होतं. कमरेला पट्टा, तोही दिवसभर. "वाकायचं नाही" हा घरचा कायदा. काकूंनी जेवायचा पाट उचलून ठेवला, संडासात कमोडची खुर्ची आली. शिवाय बागेतल्या योगवर्गात कोणीतरी सांगितलं म्हणून रोज सकाळी पंधरा भुजंगासनं. प्रत्येक गोष्ट प्रेमाने केलेली, आणि प्रत्येक गोष्ट गादी सरकलेल्या तरुण पेशंटला कदाचित चालली असती.

पहिल्या दिवशी मीही त्याच रांगेत उभी राहिले. ओपीडी भरलेली होती, कंबर आणि डावी पोटरी एवढं ऐकलं आणि काकांना पालथं झोपवून कोपरांवर उठायला लावलं. दोन मिनिटांत डाव्या पोटरीत मुंग्या. ते टेबलावरून उतरले आणि काही न बोलता भिंतीशी उकिडवे बसले. मी लिहिलं: "व्यायाम सहन होत नाही." पेशंटला काय सहन होत नाही ते मी नोंदवलं. काय बरं वाटतं ते समोर बसून दाखवत होते, ते नोंदवलं नाही.

दुसऱ्या भेटीत ते एकटे आले. मुलगा नसला की ते मोकळे बोलतात. पाय भरतात म्हणजे काय होतं? "लोखंड ओतल्यासारखं. आधी डावा, मग उजवा. तळव्याखाली कापूस ठेवलाय असं वाटतं." मग थांबल्यावर काय करता? इथे ते हसले.

"चपलेचा अंगठा नीट करतो."

अंगठा तुटलेला नसतो. भर रस्त्यात उकिडवं बसायला लाज वाटते, ओळखीची माणसं असतात, म्हणून चपलेशी खेळत दोन मिनिटं वाकून बसायचं. मुंग्या जातात, मग पुढचा टप्पा. नुसतं उभं राहून बरं वाटत नाही का? "छे. उभं राहिलो तर अजून वाढतं."

ही दोन उत्तरं मिळाली तेव्हा एमआरआयचा कागद बाजूला ठेवला तरी चाललं असतं. पायातल्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या माणसाचीही चालताना पोटरी दुखते, पण तो थांबला की, नुसता उभा राहिला तरी, दुखणं उतरतं. त्याच्या स्नायूला विश्रांती हवी असते. नळी अरुंद असलेल्याला नुसती विश्रांती पुरत नाही, त्याला वाकावं लागतं. चढणीवरही दोघांचं उलटंसुलटं होतं. रक्तवाहिनीवाल्याला चढ नको असतो, कारण पोटरीला जास्त काम पडतं. काकांनी आपणहून सांगितलं की पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढताना त्यांना फक्त दम लागतो, उतरताना मात्र पाय सुन्न होतात. चढताना आपण पुढे झुकतो. उतरताना तोल सांभाळायला पाठ मागे जाते.

तरी तपासायचं ते तपासलं. पावलावरची आणि घोट्यामागची नाडी दोन्ही बाजूंना चांगली लागली. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब यांचं गुणोत्तर १.०४, म्हणजे व्यवस्थित. सहा वर्षांचा मधुमेह आहे आणि त्यानेही तळवे बधिर होतात, पण मधुमेहाची बधिरता वाकून बसल्यावर दोन मिनिटांत जात नाही. टाचेवर आणि चवड्यावर चालता येत होतं, डाव्या घोट्याचा रिफ्लेक्स मंद होता, पाय सरळ ठेवून उचलल्यावर कळ येत नव्हती. लघवी-संडासवर ताबा होता, बैठकीच्या जागेची संवेदना शाबूत होती. हे दोन प्रश्न विचारायला पेशंटही लाजतात आणि आपणही. पण तिथे गडबड असेल तर तीन महिने थांबणं चूक ठरतं, त्याच दिवशी सर्जनकडे पाठवावं लागतं. उभ्याने काढलेल्या एक्स-रेमध्ये मणका पुढे सरकलेला नव्हता.

मग विभागाच्या व्हरांड्यात फेऱ्या सुरू केल्या. व्हरांडा २५ मीटरचा. पहिल्यांदा पट्टा बांधून, ताठ, छाती पुढे, घरी सांगितलंय तसं. १७५ मीटरवर डाव्या पोटरीत जडपणा, २०० वर थांबले. भिंतीला टेकून तीन मिनिटं उभे राहिले, फरक नाही. स्टुलावर बसून पुढे वाकले, दीड-दोन मिनिटांत साफ.

पुन्हा बरं वाटल्यावर मी त्यांना रिकामी व्हीलचेअर दिली, आणि ती हलकी पळू नये म्हणून तीवर वाळूच्या दोन पिशव्या ठेवल्या. हातात दांडे आले आणि काकांची चालच बदलली. पाठ जराशी पुढे, हात ताठ, वजन तळहातांवर. वीस फेऱ्या, म्हणजे ५०० मीटर झाले तेव्हा मीच थांबवलं, कारण व्हरांड्यात गर्दी होऊ लागली होती. पाय? "काही नाही."

इंग्रजी पुस्तकांत या लक्षणाला सुपरमार्केटच्या ढकलगाडीचं नाव दिलंय. पेशंट दुकानात गाडीवर रेलून तासभर फिरतो आणि बाहेर पार्किंगपर्यंत चालू शकत नाही. वर्गात शिकताना मला ते जरा परकं वाटायचं. आमच्याकडे हातगाडी ३१ वर्षं चौकात उभी होती.

तिसऱ्या भेटीत वजन घालून पाहिलं. पाठपिशवी मुद्दाम टाळली, कारण पाठीवर ओझं आलं की माणूस आपोआप पुढे झुकतो आणि मग ओझ्याचा परिणाम कोणता आणि वाकण्याचा कोणता ते कळत नाही. दोन्ही हातांत चार-चार किलोच्या पिशव्या दिल्या आणि ताठ चालवलं. ९५ मीटर. शरीराचं वजन तेच, नळी तीच, आठ किलो वाढले आणि अंतर निम्म्यावर आलं.

नळीत नेमकं काय होत होतं?

कंबरेतली नळी म्हणजे हाडाची कडक नळी नव्हे. पुढची भिंत मणक्याची आणि दोन मणक्यांमधल्या गादीची. मागच्या बाजूला मणक्यांना एकमेकांशी जोडणारे दोन छोटे सांधे, फॅसेट, आणि हाडांच्या कमानींमधल्या फटी झाकणारा पिवळा अस्थिबंध, लिगामेंटम फ्लेव्हम. तरुणपणी हा अस्थिबंध बहुतांशी लवचीक तंतूंचा, रबरासारखा असतो. वयानुसार तो जाड आणि निबर होतो. ताठ उभं राहून कंबर मागे गेली की वरची आणि खालची कमान जवळ येते, अस्थिबंध सैल पडतो आणि परकराच्या नाडीपाशी कापडाच्या चुण्या पडाव्यात तशा त्याच्या चुण्या आत, नळीत येतात. गादीही मागे फुगते. पुढे वाकलं की कमानी लांब जातात, अस्थिबंध ताणून पातळ होतो, चुणी निघते. ताठपणावर आणखी उभं ओझं आलं तर गादी चेपते, उंची कमी होते, अस्थिबंधाला आणखी ढिलाई मिळते. म्हणजे ओझं आणि ताठपणा एकाच दिशेने काम करतात.

१९९६ मध्ये शवांच्या कण्यांवर केलेल्या मोजणीत पुढे वाकवल्यावर नळीचं क्षेत्रफळ साधारण ११ टक्क्यांनी वाढलं आणि मागे वाकवल्यावर जवळपास तेवढंच घटलं. ऐकायला हे फार नाही. ज्याची नळी ऐसपैस आहे त्याला ते कळणारही नाही. पण स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधकांनी १९८० च्या दशकात एक उंबरठा सुचवला होता. आवरणाच्या पिशवीचं क्षेत्रफळ साधारण ७५ चौरस मिलिमीटरच्या आसपास आलं की आतल्या नसांवर दाब चढायला लागतो. काकांचे झोपून मोजलेले ८२. त्यातले ११ टक्के काढले तर उरतात ७३. हा हिशेब कच्चा आहे, कारण नळीचं क्षेत्रफळ आणि आतल्या पिशवीचं क्षेत्रफळ एक नव्हे, आणि ७५ ही काही काचेवर ओढलेली रेघ नाही. पण ज्याच्याजवळ सातच चौरस मिलिमीटरची शिल्लक आहे त्याला उभं राहण्याचा खर्च परवडत नाही, एवढं त्यातून दिसतं.

आणि ती शिल्लक मोजली कुठे? एमआरआयच्या यंत्रात पाठीवर झोपवून, गुडघ्यांखाली उशी देऊन. कण्यावर शरीराचं ओझं नाही, कंबरेचा बाक सपाट झालेला. पेशंटला ज्या स्थितीत काहीही होत नाही नेमक्या त्याच स्थितीत आपण त्याचा फोटो काढतो. हेंक व्हर्बिस्ट या उट्रेख्टच्या डच न्यूरोसर्जनने १९५४ मध्ये या आजाराचं जे वर्णन लिहिलं, त्यात हाच पेच आहे: उभं राहिल्यावर आणि चालल्यावर पाय जातात, झोपवून तपासलं तर फारसं काही सापडत नाही. पुढे गोथेनबर्गलाच यावर तोडगा निघाला. पेशंटला खांद्यांवरून पट्ट्यांचं जाकीट घालायचं, पाय एका फळीला टेकवायचे आणि शरीराच्या सुमारे निम्म्या वजनाइतका दाब देऊन झोपल्याझोपल्याच फोटो काढायचा. काहींची पिशवी तेवढ्यानेच १५ चौरस मिलिमीटरहून जास्त आकसते. उभ्याने एमआरआय करणारी यंत्रंही निघाली आहेत. आमच्याकडे यांतलं काही नाही. आमच्याकडे व्हरांडा आहे.

जपानी संशोधकांनी १९९५ च्या सुमारास अरुंद जागेपाशी बारीक दाबमापक सोडून थेट मोजलं. झोपलेलं असताना आणि बसल्यावर दाब कमी, उभं राहून मागे वाकल्यावर सर्वांत जास्त, आणि चालताना प्रत्येक पावलागणिक लाटेसारखा वरखाली. चिमटीत धरलेल्या नसेच्या शिरांमधलं रक्त तुंबतं आणि तिला चालण्यासाठी जास्त रक्त हवं असतं नेमकं त्याच वेळी. लोखंड ओतल्यासारखं वाटणं म्हणजे हेच असावं.

मग "वाकू नका" हे आलं कुठून? ते खोटं नाही, ते गादीसाठी आहे. स्वीडिश ऑर्थोपेडिक सर्जन अल्फ नॅकेमसन यांनी १९६० च्या दशकात माणसांच्या गादीत सुई घालून दाब मोजला. उभं राहताना १०० धरला तर पाठीवर झोपल्यावर २५ आणि पुढे वाकून उभं राहिल्यावर १५०. तेव्हापासून हा तक्ता जगभरच्या फिजिओथेरपी विभागांच्या भिंतींवर लागला आणि वाकणं बदनाम झालं. (याच तक्त्यात बसण्याला १४० होते. १९९९ मध्ये जर्मनीतल्या उल्मला विल्के आणि सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकावर पुन्हा मोजलं तेव्हा आरामात बसल्यावरचा दाब उभ्यापेक्षा किंचित कमीच निघाला. भिंतीवरचा तक्ता कोणी बदलला नाही.)

म्हणजे वाकलं की गादीवर ओझं वाढतं आणि नळी मोकळी होते. ताठ राहिलं की गादी सुखात आणि नळी आवळलेली. तिशीतल्या माणसाची गादी सरकलेली असेल तर पहिली बाजू सांभाळायची. चौसष्टीच्या माणसाला, ज्याची गादी आधीच बसकी झालीय, दुसरी. दोघांनाही "कंबरदुखी" म्हणून एकच छापील कागद देणं ही आमच्या धंद्यातली जुनी खोड आहे.

हातगाडीची खुबी मला इथे कळली. नुसतं हवेत वाकलं तर वरच्या धडाचा भार पाठीच्या स्नायूंना पेलावा लागतो आणि गादी चेपते. दांड्यावर हात टेकले की तो भार हातांतून गाडीत उतरतो. पाठ वाकलेली आणि तरीही कण्यावर ओझं कमी. ३१ वर्षं काका नकळत रोज तीन किलोमीटर हा उपचार घेत होते. मुलाने चांगल्या मनाने तो बंद केला आणि वर दिवसभर ताठ उभं राहण्याचा डोस सुरू केला. आजार गाळ्याने दिला नाही, नळी वर्षानुवर्षं आवळत आली असणार. गाळ्याने फक्त झाकण काढलं.

मुलाला बोलावून घेतलं आणि व्हरांड्यातल्या दोन्ही फेऱ्या त्याच्यासमोर पुन्हा करून दाखवल्या. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे नाटक नव्हतं." काका खिडकीतून बाहेर बघत होते.

पट्टा काढला. भुजंगासन बंद. काकूंना पाट परत मांडायला सांगितलं. त्यांना ते सर्वांत आधी पटलं, कारण पाटावर बसून जेवताना यांची कुरकुर नसते हे त्यांनी पाहिलं होतं. कमोडची खुर्ची मात्र राहू दिली, गुडघे कुरकुरत होते. व्यायामात पाठीवर झोपून दोन्ही गुडघे छातीशी घेणं, म्हणजे पवनमुक्तासनासारखंच पण मान न उचलता. मांडीच्या पुढचे, जांघेतले स्नायू ताणणं, कारण ते आखडले की कंबर पुढे ओढून बाक वाढवतात. पोटाचे आणि नितंबांचे स्नायू बळकट करणं. आणि रोज वीस मिनिटं जागच्या जागी चालवायची सायकल, हँडलवर रेलून.

गाळ्यात काउंटरमागे दोन विटा ठेवायला सांगितल्या. एक पाय विटेवर, दर काही मिनिटांनी पाय बदलायचा. एक पाय उंचावला की कंबरेचा बाक थोडा सपाट होतो. पानाच्या टपरीवर उभी माणसं पायरीवर पाय ठेवून गप्पा मारतात ती काय उगाच नव्हे. शिवाय एक उंच स्टूल.

क्रेटचा प्रश्न उरला, आणि इथे गादीची बाजूही बघावी लागली. उल्मच्या त्याच मोजणीत नुसतं उभं असताना गादीतला दाब सुमारे ०.५ मेगापास्कल होता. २० किलो वजन पाठ गोल करून उचललं तेव्हा २.३, गुडघ्यांत वाकून उचललं तेव्हा १.७, आणि तेच वजन अंगालगत धरल्यावर १.१. फळांचा भरलेला क्रेट वीस किलोच्या आसपास सहज असतो. वाकणं काकांना औषध होतं, पण रिकाम्या हाताने किंवा दांड्यावर टेकून. क्रेटसकट नव्हे. क्रेट अर्धे भरायचे, अंगालगत धरायचे, आणि पूर्ण भरलेले पोऱ्याने उचलायचे असं ठरलं. हा नियम काका आठवड्यातून चार दिवस पाळतात, असा माझा अंदाज आहे.

सहाव्या आठवड्यात ताठ चालून ३०० मीटर झाले, बाराव्यात ४५०. घर ते गाळा एक थांबा. नळी तेवढीच अरुंद आहे, व्यायामाने हाड आणि अस्थिबंध मागे सरत नाहीत. पुन्हा एमआरआय काढायचा का, असं मुलाने विचारलं. मी नको म्हटलं. सर्जनांशी बोलणं झालं. नळी मोकळी करण्याचं ऑपरेशन पुढे कधी लागू शकतं, आणि पायातली ताकद कमी झाली किंवा लघवीची तक्रार आली तर थांबायचं नाही, हे तिघांनाही स्पष्ट सांगितलं. सध्या काकांना ते नको आहे.

गाडी नातेवाइकाकडून परत आली. धंद्यासाठी नाही, सकाळी गोडाऊनमधून गाळ्यापर्यंत माल आणायला. चौथ्या महिन्यात काका अचानक आले, पाय पुन्हा भरतात म्हणाले, तेही गाडी ढकलताना. हे काही जुळेना. गाडी घेऊन या म्हटलं, आणि आणली त्यांनी खरोखर, विभागाच्या गेटपाशी. वॉचमनशी वाद झाला तो वेगळा.

पाइपचा दांडा नवाकोरा रंगवलेला होता आणि काकांच्या जवळजवळ छातीशी येत होता. वडिलांना वाकायला लागू नये म्हणून मुलाने वेल्डरकडून तो चांगला वर घेतला होता.

"पोरगं ऐकत नाही, मॅडम," काका म्हणाले. "त्याला माझी पाठ सरळ बघायचीय."

टेप काढून मोजलं. काका आपोआप झुकतात आणि कोपर जरासंच वाकतं ती उंची जमिनीपासून ८६ सेंटिमीटर भरली. दांड्याच्या उभ्या पाइपवर खडूने खूण केली आणि त्यांना वेल्डरकडे परत पाठवलं.